मध्यरात्रीनंतर फोटो धूसर का येतात? लेन्सवरच्या दवाचा बंदोबस्त, बरडापासून वाळवंटापर्यंत

रात्री नऊला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कॅमेरा लावला. अकरापर्यंतचे फोटो स्वच्छ आले: मृगाच्या पोटातले तीन तारे टोकदार, खाली बरडावरचे, म्हणजे मुरमाड माळावरचे, दगड एकेक ओळखू यावेत इतके स्पष्ट. साडेअकरानंतर तेच चित्र दुधाळ व्हायला लागते. व्याधाभोवती गोल प्रभा दिसते, बारीक तारे नाहीसे होतात, लांबच्या गावातल्या एका दिव्याचा उजेड अर्ध्या चित्रभर पसरतो. लेन्स पुसली की चार-दोन फोटो बरे येतात आणि पुन्हा तेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे विदर्भात तारे टिपणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. थंडीत जैसलमेरच्या वाळूत किंवा कच्छच्या रणात जाऊन आलेले मित्रही हेच गाऱ्हाणे घेऊन परततात. एवढ्या कोरड्या मुलखात लेन्स ओली कशी झाली, हे त्यांना कळत नाही.

बहुतेक वेळा कारण दवच असते. तरी आधी खात्री करून घ्या, कारण फोटोत जवळजवळ सारखे दिसणारे आणखी दोष आहेत आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

खात्री कशी करायची

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर अंदाज बांधत बसू नका. टॉर्च घ्या, शक्यतो लाल उजेडाचा, आणि लेन्सच्या काचेवर बाजूने तिरपा उजेड पाडा. समोरून पाडलेल्या उजेडात पातळ दव दिसत नाही, तिरप्या उजेडात लगेच दिसते. काच मॅट झालेली दिसली तर दव नक्की. सुरुवातीला ते फार पातळ असते आणि बहुधा काचेच्या मध्यावर आधी दिसते.

काच कोरडी आहे आणि तारे मात्र फुगलेत? मग फोकस सरकला आहे. दवात ताऱ्याभोवती मऊ वलय येते आणि सगळ्या चित्राचा काळेपणा जातो. फोकस सरकला तर आकाश काळेच राहते, फक्त तारे ठिपक्यांऐवजी टिकल्यांएवढे होतात. रात्र थंडावत जाते तशी लेन्समधली धातू-काच किंचित आकसते आणि संध्याकाळी लावलेला फोकस रात्री बाराला तिथे राहत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, एखादा ठळक तारा मोठा करून पुन्हा फोकस लावा, काम होते.

काच कोरडी, डोक्यावरचे तारे ठीक, पण क्षितिजाजवळचे सगळे गेले आणि लांबच्या टेकडीवरचा दिवाही दिसत नाही, तर ती धुवारी, म्हणजे धुके. तिच्यावर लेन्सकडून उपाय नाही, उंच जागी जाणे हाच मार्ग. धुराचा थरही असाच खाली तरंगतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे शेकोट्यांचा धूर वर चढत नाही, गावावर आडवा पसरून राहतो. आणि उंचावर पातळ ढग आले तर ठळक ताऱ्यांभोवती दवासारखेच वलय येते. काच तपासल्याशिवाय या दोहोंतला फरक सांगता येत नाही, म्हणून टॉर्चचा आग्रह.

आणखी एक सोपी खूण आहे. तुमच्या मोटारसायकलच्या सीटवरून हात फिरवा. सीट ओली लागली की पुढचा नंबर लेन्सचा.

काच हवेपेक्षा थंड होते, हे मूळ

एका जागलीवाल्या काकांनी मला हे फार नेमके सांगितले होते. हरभऱ्यात रानडुकरे येतात म्हणून ते रात्र काढत होते. म्हणाले, "भाऊ, आभायाखाली निजलं त वाकय वली होते. लिंबाखाली निजलं त नाई होत." यात सगळे शास्त्र आले.

दव वरून पडत नाही. उघड्या आकाशाखाली ठेवलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते त्यातली बरीच परत पाठवतात. आकाश निरभ्र असले तर ती निघून जाते आणि वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. मग तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर पाण्याच्या बारीक थेंबांत जमते. लिंबाच्या फांद्या आकाश झाकतात म्हणून खालची वाकळ कोरडी राहते. आपली लेन्स मात्र आपण मुद्दाम आकाशाकडे तोंड करून ठेवतो, तीही तासन्‌तास, न हलवता.

म्हणून तारे टिपायला सगळ्यात चांगली रात्र, म्हणजे ढग नाहीत, वारा नाही, चंद्र नाही, तीच दवालाही सगळ्यात चांगली. हे टाळता येत नाही, त्याची तयारी करावी लागते.

पहिले दोन तास सगळे ठीक का जाते, तेही यातच आहे. लेन्स घरातून, बॅगेतून ऊब घेऊन आलेली असते. ती ऊब संपेपर्यंत काच कोरडी. संपली की दव. त्यामुळे "काल तर काही झाले नाही" याला फारसा अर्थ नसतो. काल तुम्ही लवकर घरी गेलात, इतकेच.

निघण्यापूर्वी अंदाज घ्यायला एक ढोबळ हिशेब पुरतो. मोबाइलच्या हवामानात रात्रीचे तापमान आणि आर्द्रता बघा. शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचाने भागा आणि ते तापमानातून वजा करा. येईल तो साधारण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते तो अंश. समजा १४ अंश आणि ८० टक्के: वीस भागिले पाच चार, चौदा वजा चार दहा. म्हणजे काच हवेपेक्षा फक्त चार अंशांनी थंड झाली की ओली, आणि निरभ्र रात्री तेवढी ती सहज होते. उलट १२ अंश आणि ५० टक्के असतील तर दवबिंदू दोनाच्या आसपास येतो, तिथे काळजी कमी. आर्द्रता पन्नासच्या खाली असेल तर हा हिशेब नीट चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही पडत नाही.

पुसणे हा उपाय नाही

हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण सगळे आधी हेच करतात. पुसल्याने पाणी जाते, थंड काच तशीच राहते. काही मिनिटांत ती पुन्हा ओली होते. त्यात आपल्या काळ्या मातीची धूळ काचेवर असतेच, ओल्या धुळीवर कापड फिरले की कोटिंगवर बारीक ओरखडे पडतात. वाळवंटात हे आणखी वाईट. वाळूत क्वार्ट्झ असतो आणि तो काचेपेक्षा कठीण असतो. शर्टाच्या टोकाने पुसायचे नाही, तोंडाने फुंकायचे तर मुळीच नाही. श्वासातली वाफ थंड काचेवर लगेच बसते.

दव आलेच असेल तर आधी हवेच्या ब्लोअरने धूळ उडवा, मग काचेला ऊब द्या आणि पाणी आपोआप उडू द्या. अगदी पुसावेच लागले तर स्वच्छ मायक्रोफायबर कापड नुसते टेकवून पाणी टिपा आणि लगेच ऊब द्या. ऊब देण्याची सोय नसेल, तर त्या रात्रीचे काम जवळपास संपले असे समजा.

यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर काढून ठेवा. फिल्टर पातळ असतो, लवकर थंड होतो, त्याच्या दोन्ही बाजूंना ओल धरते. शिवाय ठळक ताऱ्यांची आणि दिव्यांची नको ती प्रतिबिंबे त्याच्यामुळेच येतात.

ऊब कुठून आणायची

सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे हीटर पट्टी. कापडी पट्टीत तापणारी तार, वेल्क्रो आणि यूएसबीची वायर, एवढेच असते. ऑनलाइन मिळते. ती लावण्यात मात्र बरेच जण चुकतात. पट्टी पुढच्या काचेच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवा, फोकस रिंगच्या पुढे. कॅमेऱ्याजवळ बांधली तर ऊब काचेपर्यंत पोहोचतच नाही. पट्टी आवळताना फोकस रिंग फिरते, म्हणून क्रम असा ठेवा: आधी पट्टी बांधा, चालू करा, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या, मग फोकस लावा आणि रिंगवर कागदी टेप चिकटवा. आधी फोकस आणि मग पट्टी असे केले तर लेन्स तापल्यावर फोकस सरकतो आणि दोष दवावर जातो.

पट्टी पूर्ण तापवायची गरज नसते. काच दवबिंदूच्या थोडी वर राहिली की झाले. सगळ्यात खालच्या पायरीवर सुरू करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने टॉर्चने काच बघा. पट्टीवरून जुन्या स्वेटरची कापलेली बाही चढवली तर ऊब बाहेर जात नाही आणि वीजही कमी लागते. हा खर्च शून्य रुपयांचा आहे आणि फरक मोठा पडतो.

विजेचा हिशेब आधी करा. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवरबँकेत साधारण ३७ वॉट-तास असतात, त्यातले काही व्होल्टेज बदलण्यात जातात. पट्टी ५ वॉट घेत असेल तर पाच तास धरून चाला. रात्रभराचे तारकापथ, म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्याच्या रेषा, टिपायचे असतील तर दुप्पट क्षमतेची पॉवरबँक लागेल. कॅमेरा डमी बॅटरीवर (बॅटरीच्या जागी बसणाऱ्या, बाहेरून वीज घेणाऱ्या खोक्यावर) चालवत असाल तर त्याला वेगळी पॉवरबँक द्या. दोन्ही एकीवर टाकले आणि ती संपली तर कॅमेराही बंद आणि काचही ओली.

पट्टी नसेल तर हातमोज्यात ठेवायची ऊबेची पुडी चालते. तिच्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की ती गंजू लागते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून पुडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, हवा मिळाली नाही तर ती गार पडते. मोज्यात घालून रबराने लेन्सच्या पुढच्या भागाला बांधा. तांदूळ तव्यावर गरम करून मोज्यात भरण्याची घरगुती युक्तीही अडीअडचणीला कामी येते, मात्र ती लवकर निवते आणि वजनाने लेन्स खाली ओढते.

वीज न लागणारा उपाय म्हणजे लांब हुड, लेन्सच्या तोंडाला बसणारी नळी. हुड लेन्सला दिसणारे आकाश कमी करतो, लिंबाच्या फांद्यांनी वाकळीसाठी केले तेच. पुठ्ठ्याचा किंवा जुन्या योगा मॅटचा करता येतो, मात्र रुंद लेन्सला चित्राचे कोपरे काळे होतात, म्हणून दिवसा एक फोटो काढून लांबी ठरवा. हुडने दव थांबत नाही, उशिरा येते. माझ्या मते तो पट्टीच्या जोडीला हवाच, पट्टीऐवजी नव्हे. छोटा यूएसबी पंखा काचेवर सोडला तरी उपयोग होतो, कारण काच हवेपेक्षा थंड झालेली असते आणि वाहती हवा तिला हवेच्या तापमानाकडे ओढते. ट्रायपॉडला मात्र तो बांधू नका, थरथर चित्रात येते.

कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे यावरही बरेच ठरते. क्षितिजाकडे रोखलेली लेन्स निम्मी जमीन बघते, तिला दव उशिरा येते. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी थेट डोक्यावर रोखलेली लेन्स सगळ्यात आधी ओली होते. त्या रात्री पट्टी पहिल्या फोटोपासून चालू हवी.

जागा

आपल्याकडे अर्धी लढाई जागेची आहे. थंडीत गव्हाला आणि हरभऱ्याला ओलित चालू असते, तेही अनेकदा रात्रीच, कारण पंपाची वीज रात्रपाळीत येते. भिजवलेल्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहाल तर हवेतली ओल कितीतरी जास्त. नाल्याचा काठ, तलावाची पाळ आणि खोलगट जागाही टाळा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खोलगट भागात साचते. त्यापेक्षा बरडाची उंचवट्याची जागा निवडा: मुरमाड, कोरडवाहू, थोडा वारा लागणारी. बरडावर पिके धड येत नाहीत, पण रात्रीच्या चित्राला असा अग्रभाग शोधून मिळत नाही. उघडे दगड, एखादी बाभूळ आणि वर पूर्ण आकाश. वाळवंटाच्या फोटोची पूर्वतयारी करायलाही याहून जवळची जागा आपल्याकडे नाही.

लोणारला जाणाऱ्यांसाठी वेगळे सांगतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी पाणी, भोवती झाडी. थंड हवा आत साचते, म्हणून चित्रे काठावरून काढा. तो भाग अभयारण्य आहे, रात्री आत उतरायचा विचार वनविभागाच्या परवानगीशिवाय करू नका. पेंचला २०२४ साली भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेले उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. आकाश तिथे सुंदरच आहे, पण जंगल आणि जलाशय दोन्ही जवळ असल्याने दवाची तयारी पूर्ण ठेवा.

आणि हे फोटोपेक्षा महत्त्वाचे: अनोळखी वावरात रात्री शिरू नका. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे, त्यात माणसे गेली आहेत, आणि अंधारात ती तार दिसत नाही. जागा दिवसा बघून ठेवा, शेतमालकाला सांगा, रात्री जागलीवर कोण असते ते विचारा. ज्याला तुम्ही माहीत आहात तो अंधारात टॉर्च पाहून दगड उचलणार नाही, उलट शेकोटीजवळ बोलावेल. फक्त कॅमेरा शेकोटीच्या वाऱ्याखाली ठेवू नका, धुराची काजळी काचेवर बसते.

वाळवंटात जाताना

थार कोरडे असते हे खरे, आणि बऱ्याच रात्री तिथे पट्टी लागतही नाही. पण हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येऊन पाऊस शिंपडून गेला की पुढच्या निरभ्र रात्री वाळूसुद्धा ओलसर लागते. राजस्थानचा उत्तर भाग, श्रीगंगानगर-हनुमानगडकडचा, कालव्याच्या पाण्याखाली आहे आणि तिथे हिवाळ्यात दाट धुके पडते. जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूच्या टेकड्यांवर तुलनेने कोरडे. तरी टेकड्यांच्या मधल्या खोलगटात तंबू ठोकण्यापेक्षा माथ्यावर कॅमेरा लावणे चांगले, कारण थंड हवा तिथेही खालीच साचते. वाळूत लेन्स बदलू नका. एक रुंद लेन्स लावा आणि रात्र तिच्यावरच काढा.

कच्छबद्दल मात्र गैरसमज नको. तिथले दव इतके भरवशाचे आहे की कोठारा गावात छतावरच्या दवाचे पाणी गोळा करून वापरण्याचे प्रयोग अहमदाबादच्या आयआयएममधल्या संशोधकांनी केले. समुद्र जवळ, रात्र निरभ्र, म्हणजे दवाला हवे ते सगळे हजर. धोरडोच्या पांढऱ्या रणात हिवाळ्याच्या सुरुवातीला मिठाखाली ओल असते आणि दवात मीठही मिसळते. तिथे पट्टी पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. लेन्सवरचे खारट पाणी वाळू दिले तर डाग राहतात, म्हणून परतल्यावर लेन्स क्लीनरच्या दोन थेंबांनी स्वच्छ करा. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, उघडून वाळवा, नाहीतर सांधे धरतात.

लडाखमधले हान्ले हे थंड वाळवंट, उंची सुमारे ४,५०० मीटर. तिथे हवा इतकी कोरडी की दवाचा त्रास फारसा नाही. त्रास होतो तो श्वासाच्या वाफेचा, जी व्ह्यूफाइंडरवर गोठते, आणि बॅटऱ्यांचा. लिथियम-आयन बॅटरी थंडीत कमी वीज देते. आपल्याकडेही हे कमी प्रमाणात जाणवते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, तशा रात्री भरलेली बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटऱ्या बॅगेत नव्हे, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरीही अंगाच्या उबेने थोडी परत येते.

घरी परतल्यावर

इथे बऱ्याच जणांचा कॅमेरा खराब होतो आणि कारण कळत नाही. रात्रभर गारठलेला कॅमेरा पहाटे चूल पेटलेल्या, चहा उकळत असलेल्या घरात आणून बॅग उघडली की सगळ्या थंड भागांवर वाफ जमते. बाहेरच्या काचेवरची दिसते, आतल्या काचांवरची आणि सेन्सरवरची दिसत नाही. म्हणून बॅटरी आणि कार्ड शेतातच काढून घ्या, कॅमेरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि पिशवी बॅगेत ठेवून बॅग न उघडता दोन-तीन तास तशीच राहू द्या. ओल पिशवीच्या बाहेर जमेल, आत नाही. हान्लेसारख्या ठिकाणाहून तापवलेल्या खोलीत शिरताना तर हे करायलाच हवे.

बॅग उघडल्यावर पट्टी, हुड, स्वेटरची बाही आणि पट्टा उन्हात वाळवा, कॅमेरा आणि लेन्स मात्र सावलीत, टोपण काढून. ओली लेन्स टोपण लावून कपाटात ठेवली तर पावसाळा नसतानाही बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवत असाल तर रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी वेगळा जुना तवा ठेवा, स्वयंपाकाचा नको.